चोखलेली कोय

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा माकडं कारभार चालवायची. हसू नका, आता कोण चालवतं तेही मी बघतोय!

माकडांच्या आमराईत चंद्री कुत्री राखण करायची. बिबट्या दिसला की ती भुंकायची आणि माकडं शेंड्यावर पळायची. गर आपण खायचा आणि चोखलेली कोय कुत्रीला फेकायची, ही माकडांची वाडवडलांपासूनची रीत.

एका दुपारी कोय चंद्रीच्या पिल्लाच्या घशात अडकली. त्याचे डोळे पांढरे झाले.

"बाजाबा, तुला बोटं आहेत, खाली ये, काढ ती!" चंद्री ओरडली.

म्हातारं माकड आंबा चोखत म्हणालं, "पोराला खायला शिकव की गं! फुकटचं मिळतंय, वर नखरे!"

चंद्रीने पिल्लाचे मागचे पाय दातांत धरून त्याला उलटं गदागदा हलवलं, तेव्हा कुठे कोय खाली पडली. पिल्लू रडलं. चंद्री रडली नाही, नुसते दात दाखवत बसली.

दोन दिवसांनी बाजाबा खाली आंबे वेचत असताना बिबट्याने झडप घातली आणि अर्धं शेपूट तोडून नेलं.

बाजाबा फांदीवरून बोंबलला, "भवाने, भुंकली का नाहीस?"

"कशी भुंकू?" चंद्री गुरगुरली. "घशात तुझी कोय अडकली होती."

दुसऱ्या दिवशी पानावर आंब्याच्या बारीक फोडी आल्या, साल आणि कोय काढलेल्या. चंद्रीने आधी त्या हुंगल्या, मगच पिल्लाला खाऊ दिल्या. बाजाबाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.