गोदाक्काचा हात

फार फार मागे, नदीकाठच्या टेंभेवाडीत गोदाक्का हाडवैदीण अंगणात शेंगा सोलत बसली होती. सकाळ रोजच्यासारखीच होती. तेवढ्यात यमाजी कुंभाराची बायको राही कुंपणाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "अक्का, त्यांची बोटं गार पडलीत. चिमटा काढला तरी कळत नाही."

गोदाक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आदल्या दिवशी यमाजी भट्टीवरून पडला होता आणि त्याचं कोपर निखळलं होतं. गोदाक्काच्या हाताला गुण होता. कोपर बसताना खट्‌कन आवाज येई. तो ऐकायला माणसं गोळा होत आणि 'बसलं!' म्हणून एकच गिल्ला करीत. तो गिल्ला तिला गोड लागे, असं सांगतात. यमाजीचं कोपरही तिनं एका झटक्यात बसवलं. गिल्ला झाला. मग कामट्या लावून तिनं करकचून पट्टी बांधली. करंगळीला मुंग्या येतायत, असं तो म्हणत होता. ती हसली होती. "कुंभारा, आजच चाकावर बसायचंय होय तुला?" लोकही हसले होते. हाडाभोवतीचं मांस दुखावलंय, ते सुजणार, हे तिला ठाऊक होतं. तरी बांधल्यावर बोटांत रक्त पोचतंय का, हे तिनं हात लावून पाहिलं नाही.

राहीमागून धावत जाऊन तिनं पट्टी सोडली. कामट्यांचे काळेनिळे वळ उमटले होते. नखं पांढरी पडली होती. आकसलेली बोटं पुन्हा कधी उघडली नाहीत. यमाजी रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अक्का, कोपर मात्र झकास बसलंय."

त्यानंतर गोदाक्कानं अंगणात बघ्यांना उभं राहू दिलं नाही. कोणी निखळलेला हात घेऊन आलं की ती आधी मनगटाची नाडी धरी, नख दाबून लाली परतते का ते पाही, बोटं फाकवायला लावी. कोपर बसवल्यावर हेच सारं पुन्हा. मग हात वाकवून नुसत्या झोळीत ठेवी. पुढे पुढे तिच्या हाताखाली कोपर आवाज न करता बसू लागलं. अंधारातही तिच्या बोटांना रक्त दिसे, असं सांगतात. एकदा ऐन पुरात पलीकडच्या नावाड्याला आणलं. हात कोहळ्यासारखा सुजलेला, नाडी लागत नव्हती. तिनं कोपर बसवलं आणि मनगट धरून बसून राहिली. पाणी उंबऱ्याला लागलं तरी उठली नाही. नाडी लागली तेव्हाच नदी मागे सरली, असं सांगतात.

टेंभेवाडीत आजही कोणी पडलं, की दवाखान्यात नेण्याआधी घरातलं माणूस त्याचं नख दाबून पाहतं. लाली परतेपर्यंत कोणी बोलत नाही. याला 'गोदाक्काचा हात' म्हणतात.

यमाजीचं घर तिच्या घरापासून हाकेवर होतं. राही परगावची मडकी आणून विकायची. गोदाक्का तिच्याकडूनच मडकी घ्यायची, गरज नसली तरी घ्यायची. माफी मागायला मात्र ती त्या घरात कधीच गेली नाही.