पिवळ्या वस्तीची बिरजा

नकाशावरची शेवटची रेघ जिथं संपते, तिथल्या रानात बिरजाचं पिटुकलं झोपडं होतं. घरात ती आणि तिचा बा, दोघंच. शेजारून इवलीशी नदी वाहायची. दिवसभर लाकडी परातीत रेती धुतली की तिळाएवढा एखादा सोन्याचा कण चमकायचा. त्या कणावर दोन दिवसांची कण्या-भाकर निघायची.

मग एकदा बाला हरभऱ्याएवढा खडा सापडला. बातमी बाजारात फुटली आणि बघता बघता हजार माणसं कुदळी घेऊन आली. हिरव्या रानात पत्र्याची वस्ती उठली. लोक तिला पिवळी वस्ती म्हणू लागले. निळीशार नदी चहासारखी गढूळ झाली. चंदेरी मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. आणि ज्यांची नदी, ते रानातले लोकच बाहेरून आलेल्या मुकादमाच्या हाताखाली विहिरीसारख्या खोल खड्ड्यात उतरू लागले.

एका सकाळी तो खड्डा ढासळला. बा आणि आणखी सहा जण आत अडकले.

"मुकादम, माती उपसा! माझा बा आत आहे!" बिरजा ओरडली.

"ते गेले आता," मुकादम म्हणाला. "चला रे, पलीकडून खणा. सोन्याची शीर तिकडंच वळलीय."

बिरजाच्या अंगाचा भडका उडाला. ती एकटीच चिमुकल्या हातांनी माती उकरू लागली. नखं फुटली, बोटं रक्ताळली, तरी थांबेना.

तेवढ्यात जवळच्या करवंदीच्या जाळीत झगमग झाली. पानांआडून एक परी बाहेर आली. तिचे सोनेरी पंख चिखलानं माखले होते आणि डोळे रागानं लाल झाले होते.

"मी या नदीची परी," ती हळूच म्हणाली. "दोन गोष्टी माग, बाळा. पण स्वतःसाठी सोनं मागायचं नाही. आणि बोललेला शब्द परत घेता येणार नाही. रागात बोललीस, तरी तो खराच होईल."

बिरजानं मुकादमाकडं पाहिलं. 'तूच जा मातीखाली!' शब्द अगदी ओठांवर आले. तिनं दातांखाली जीभ दाबली.

"परीमाय, सातही जणांना वर आण."

माती लोण्यासारखी दुभंगली. सात माणसं खोकत, डोळे चोळत वर आली. बानं लेकीला पोटाशी धरलं.

परीचं बोलणं ऐकलेला मुकादम धावतच आला. "पोरी, अजून एक मागणं आहे ना? सोन्याचा डोंगर माग, माझ्यासाठी! तुझ्या बाला परत खाली धाडणार नाही मी!"

"आणि बाकीच्यांना?"

मुकादम कमरेची सोन्याची थैली चाचपू लागला.

बिरजा ताठ उभी राहिली. "परीमाय, इथलं सगळं सोनं इतकं खोल जाऊ दे, की कुणाची कुदळ पोचणार नाही!"

"तुझी चूलही त्यावरच पेटते गं," परी म्हणाली.

"विझली तर विझू दे! पण सोन्यापायी इथं कुणी गाडलं जायला नको!"

जमीन गुरगुरली. कणन् कण सोनं खाली, खाली निघून गेलं. मुकादमाच्या थैलीतलंसुद्धा! तो रिकामी थैली झटकत, शिव्या देत पळत सुटला. महिनाभरात पत्र्याची वस्ती ओस पडली.

पण त्याच दिवशी, मुकादम पळाल्यावर, परी बिरजाजवळ बसली होती. "तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," ती म्हणाली. "म्हणून हे मी माझ्या मनानं देते." तिनं पाण्याला बोट लावलं. गढूळ नदी काचेसारखी नितळली. रुपेरी मासोळ्यांच्या झुंडी सळसळत आल्या. काठावर लुसलुशीत पोपटी भात डोलू लागला. परीच्या पंखांवरचा चिखल गळून पडला, लख्ख सोनेरी उजेड फाकला आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

त्या दुपारी बानं मासोळ्या भाजल्या. बिरजा ताटलीपुढं मुठी आवळून बसली होती.

"बिरजे, अजून राग गेला नाही का गं?"

"नाही, बा. आणि घालवायचाही नाही," बिरजा घास घेत म्हणाली. "ते सोनं खणणारे पुन्हा आले तर लागेल तो."