पुलापलीकडचा गळ

अमेरिकेतल्या एका राज्यात एकदा एक वृद्ध गव्हर्नर होता. लाकूडतोड्याच्या घरी जन्मला, गावच्या शाळेत मास्तरकी केली, मग महापौर झाला, मग तीन वेळा गव्हर्नर. लोक त्याला ज्ञानी म्हणत. म्हातारा सावकाश बोलला की लोकांना तो ज्ञानी वाटतोच. त्याचा शाळेतला एक विद्यार्थी आता त्याचाच उपगव्हर्नर होता आणि अजूनही त्याला 'सर' म्हणत असे.

एका कैद्याच्या मृत्युदंडाचा दिवस उजाडला. त्याचा दयेचा अर्ज गव्हर्नरच्या टेबलावर पडून होता आणि त्याची आई बाहेर पायऱ्यांवर बसली होती. दुपारी गव्हर्नरने गळ उचलला, पूल ओलांडला आणि नदीच्या पलीकडे, म्हणजे शेजारच्या राज्यात, मासे धरत बसला. इथला कायदा असा, की गव्हर्नर हद्दीबाहेर गेला की तो परतेपर्यंत सगळे अधिकार उपगव्हर्नरचे.

शिष्य धावत पुलावर गेला आणि हद्दीच्या रेषेपाशी थबकला.

"सर, परत या! संध्याकाळी विषाची सुई टोचतील त्याला!"

"ओरडू नकोस. मासे पळतात."

"पण मी काय करू?"

"मला का विचारतोस? आत्ता गव्हर्नर तू आहेस."

शिष्याला काही सुधरेना. ही परीक्षा आहे का? सरांना माझ्याकडून दया हवी आहे की कठोरपणा? की निवडणूक तोंडावर आली म्हणून... छे, सर तसे नाहीत. मग कसे आहेत? तो परतला, पायऱ्यांवरच्या बाईची नजर चुकवून आत शिरला आणि मृत्युदंडाऐवजी जन्मठेपेवर सही केली. बरोबर केले की चूक, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

दिवस मावळताना गव्हर्नर बादलीत एक मासा घेऊन परतला. पत्रकारांसमोर शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "निर्णय सर्वस्वी याचा. पोहायला शिकवणाऱ्याला कधीतरी हात सोडावाच लागतो. सत्तेचे ओझे व्याख्यानांनी कळत नाही, एकटेपणाने कळते. आज मी हात सोडला."

सगळे गहिवरले. एकाने तर चक्क डोळे पुसले.

शिष्याने हळूच विचारले, "सर, माझी सही उलटी पडली असती तर?"

"तर तुला पोटाशी धरलं असतं, बाळा. चुकतो तोच शिकतो."

"आणि त्या कैद्याला?"

गव्हर्नर बादलीतल्या माशाकडे बघत राहिला.

एवढ्यात कैद्याची आई गर्दीतून वाट काढत आली. आभार नेमके कोणाचे मानायचे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने गव्हर्नरचे दोन्ही हात घट्ट धरले आणि रडू लागली. ते हात मात्र त्याने सोडवून घेतले नाहीत.

शिष्य बाजूला उभा राहून पाहत होता. सर कसे आहेत, हे दुपारपासून न सुटलेले कोडे आत्ता, न विचारता, सुटले.

शिकवायला निघालेल्या वडीलधाऱ्यांनी आधी एवढे पाहावे, की फळा म्हणून आपण कोणाची पाठ वापरतो आहोत.