कच्च्या मडक्याचा वसा

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. एक होतं नगर, नगराच्या वेशीला कुंभारवाडा. तिथे येसू कुंभारीण राहायची. घरी नवरा, सासू आणि पाळण्यात तान्ही लेक ठकू. सासूची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती, उरले ते येसूचा नवरा आणि सासरी गेलेली नणंद.

सासू म्हणे, "नातीची हाडं बळकट झाली पाहिजेत." मग रोज पायांवर घेई, तेल चोळी, हात ताणी, पाय ओढी. एकदा हात मोडला. वैद्यानं बांधला, जुळला. मग पाय मोडला. मग बरगडी मोडली. आळी म्हणाली, "आईनंच पाडली असेल." येसूनं अन्नपाणी सोडलं.

श्रावणातला शुक्रवार आला. जिवती म्हातारी होऊन दारी आली. "बाई, बाई, कच्चं मडकं कसं उचलतेस?"

"काठाला धरत नाही. खालून दोन्ही तळव्यांवर घेते."

"आणि लेक?"

"दंडाला धरून..." येसू बोलता बोलता थांबली.

"तिच्या डोळ्यांचं पांढरं निळसर आहे, बापाचंही तसंच. हाडं जन्माचीच कच्ची. तुझा दोष नाही हो. वसा घे. लेक ओढू नये, ताणू नये, तळव्यांवर घ्यावी. जी घेईल तिला आधी सांगावं, सांगायला लाजू नये."

येसूनं वसा घेतला. सासूनं फणकाऱ्यानं तेलाची वाटी फडताळात ठेवली. "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

मग नणंद आली. कौतुकानं भाचीला दंडाला धरून उचलू लागली. येसू गप्प बसली. नणंदेला काय सांगायचं? तुम्हांआम्हांला तरी सांगवतं का? दंड मोडला. येसूनं जिवतीपुढे नाक घासलं.

मग संक्रांतीला बोरन्हाण आलं. बायका जमल्या. एकीनं ठकूच्या दंडाला हात घातला. येसूनं तोंड उघडलं, तोच सासू ओरडली, "अगं, खालून धर! माझे दोघे असेच मोडून गेले. मला कुणी सांगितलं नाही गं, मीच चोळत होते!"

सासू रडू लागली. येसूनं तिचे तळवे धरले, पसरले आणि लेक त्यांवर ठेवली.

पुढेही हाडं मोडली, पण कमी मोडली आणि जुळली. ठकू उशिरा चालली, पण चालली. मोठी झाली, बापाशेजारी बसून पणत्या घडवू लागली. दर श्रावणात आजी तिला ओवाळी आणि म्हणे, "जिवतीबाई, तुझे उपकार. ही राहिली गं."

जशी येसूला पावलीस, तशी कच्च्या हाडांच्या प्रत्येक लेकराला पाव. ही घटकाभराची कहाणी, ओंजळभर सुफळ, इथे संपूर्ण.