डाव्या सीटचा आवाज

लिहिण्यात चुका असतील, त्या समजून घ्या. आठवीत शाळा सुटली, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर शाळेत होतो तेव्हाही जमत नव्हतं. मोठे शब्द माझ्याकडे नाहीत. जे झालं तेवढंच सांगतो.

“पण आवाज गेला कुठं?”

ऐवळेनाना हे तिसऱ्यांदा विचारत होते. गाडीचं दार उघडं होतं, गाणं चालू होतं, आणि ढोलकी अशी वाजत होती की दुकानाचा पत्रा थरथरत होता.

“हा काय नाना, येतोय की,” मी म्हणालो.

“हा येतोय. तो गेला कुठं?”

मी उस्तादांकडे बघितलं. अमीन उस्ताद बाकड्यावर बसून एका जुन्या भोंग्याची जाळी पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आमचं दुकान जत रस्त्यावर आहे. गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायचं काम. उस्ताद पूर्वी लग्नाच्या मांडवांना भोंगे बांधायचे, नंतर गाड्यांकडे वळले. मी सात वर्षांपासून त्यांच्याकडे आहे. ऐवळेनाना डाळिंबाची रोपं विकतात. त्यांची पिकअप मोठी आहे, केबिनमध्ये पुढं दोन सीट आणि मागं एक बाक. गाण्यातला खालचा, जाड आवाज ज्या स्पीकरमधून येतो त्याला वूफर म्हणतात. नानांच्या गाडीत तो कंपनीनंच दिलेला होता, मागच्या बाकाखाली, डाव्या अंगाला. रोपांचं पाणी झिरपून झिरपून त्याचा कागद कुजला, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

काम मी एकट्यानं केलं. उस्तादांनी हात लावला नाही.

नवा वूफर मोठा होता, बाकाखाली मावेना. मी प्लायचा वेगळा डबा केला आणि तो ड्रायव्हरच्या पाठीमागं उभा बसवला. खाली थरथर अडवणारी डांबरी शीट टाकली. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जुना वूफर वाजला की पुढची डावी सीट हलायची, तिची उशी ताप भरल्यासारखी थरथरायची. कंपनीच्या डब्याची पट्टी सीटच्या पायाला टेकत होती. मी ती पट्टी कापली आणि पायांभोवती फोम भरला. सीट गप्प झाली.

माझ्या कामात खडखड नसते. जतपासून सांगोल्यापर्यंत हे लोकांना माहीत आहे. मी फारसा बोलत नाही, पण हे कुणी म्हटलं की मला आतून बरं वाटतं.

नाना पहिल्यांदा परत आले तेव्हा मी आवाज वाढवून दिला. दुसऱ्यांदा आले तेव्हा सगळ्या तारा तपासल्या. आणि आता तिसरी वेळ.

आमच्या दुकानात एक रीत आहे. काम तीनदा परत आलं तर ते उस्ताद स्वतः उघडतात. आणि ज्यानं ते केलेलं असतं तो पुन्हा मागं जाऊन तारा सोलायला बसतो, पहिल्या दिवसासारखा. किती महिने ते उस्ताद ठरवतात. रीत लिहिलेली कुठं नाही. माझ्याआधी जो होता तो सहा महिने सोलत बसला आणि मग निघून गेला.

मला निघून जायला जागा नाही. म्हणून मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी वाद घालतो.

मी मोबाईल काढला. त्यात आवाज मोजायचं मीटर आहे. पडद्यावरची रेघ नानांना दाखवली, म्हटलं बघा, सरळ आहे, कुठं खड्डा नाही. खालचा आवाज कुठूनही आला तरी कानाला त्याची दिशा कळत नाही, हे उस्तादांनीच मला शिकवलंय. मग तो डावीकडं होता काय आणि मागं आला काय, सारखंच.

नानांनी रेघ नीट बघितली.

“मोबाईलला ऐकू येतंय म्हण की. मग त्यालाच गाडीत बसव, जाऊ दे त्याला लातूरला रोपं घेऊन.”

उस्ताद हसले नाहीत. मीही हसलो नाही.

मग नाना हळू आवाजात बोलले, उस्तादांकडे बघून. दोन खेपा त्यांनी टाळल्या होत्या. रोपं वाफ्यात वाढून चालली होती. गाडीत बसवत नाही, म्हणाले. काम चांगलंय पोराचं, मी नावं ठेवत नाही, पण गाडी विकून टाकावी असं वाटायला लागलंय.

उस्ताद उठले. माझ्या हातातला पाना घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

मला वाटलं, झालं.

“परसू, नानांबरोबर टोलनाक्यापर्यंत जाऊन ये.”

“हत्यारं कुठली घेऊ?”

“कुठलीच नको.”

“मीटर?”

“ते पण नको.”

“मग करू काय उस्ताद?”

“बस.”

...

मी डाव्या सीटवर बसलो. नानांनी गाडी काढली.

सात वर्षांत शेकडो गाड्यांत मी शिरलोय, पण बाकाखाली, डोकं खाली आणि पाय वर. चालत्या गाडीत पुढच्या सीटवर कुणी मला बसवलं नव्हतं. हात कुठं ठेवायचे ते कळेना. मांडीवर ठेवले.

नानांनी गाणं लावलं. मी कान देऊन ऐकत होतो. चूक शोधत होतो. काही सापडत नव्हती. ढोलकी स्वच्छ होती. सीट गप्प होती. बाहेर माळ होता, नुसता उन्हात पडलेला. चार-पाच किलोमीटर असेच गेले.

नाना अधूनमधून डावीकडं बघायचे. आरशाकडं असेल असं मला वाटलं. पण आरसा पुढं होता आणि ते त्याच्या अलीकडं बघत होते.

विचारावं की नको, यात आणखी दोन किलोमीटर गेले.

“नाना... इथं कोण बसायचं?”

“मल्लू.”

मग त्यांनी सांगितलं, रस्त्यावरची नजर न काढता. मल्लाप्पा त्यांच्या गाडीवर बावीस वर्षं होता. रोपं चढवायचा, उतरवायचा, रात्री ताडपत्री बांधायचा. तीन गाड्या बदलल्या, मल्लू तोच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलानं त्याला भोसरीला नेलं, नात सांभाळायला. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा.

“गप्पा मारायचा का खूप?”

“छे रे. दगड होता नुसता. इथून विजापूरला जाऊन आलो तरी चार शब्द नाहीत.” नाना थोडं थांबले. “गाणं लागलं की गुडघा हलवायचा. तेवढंच.”



टोलनाका दिसायला लागला. मला उस्तादांचा खिसा आठवत होता, त्यातला माझा पाना, मागच्या खोलीतला तारांचा ढीग. परत गेल्यावर उस्ताद काय म्हणतील ते मनात चाललं होतं.

नानांनी गाडी हळू केली. रस्त्याकडेला घेतली, पण गाणं बंद केलं नाही.

“हां,” ते म्हणाले. “आला.”

“काय?”

“आवाज आला. आता बरोबर आहे.”

मी खाली बघितलं. भीतीनं माझा गुडघा हलत होता. कधीपासून हलत होता, देव जाणे. सीटही त्याच्याबरोबर बारीक हलत होती.

माझं लक्ष गेलं तसा गुडघा थांबला.

नानांनी गाडी वळवली.

...

उस्ताद दारातच उभे होते. नाना गाडीतच थांबले. मी उतरून उस्तादांजवळ गेलो.

“काय केलंस?”

“काही नाही. बसलो.”

“मग?”

“मग आवाज बरोबर आला म्हणाले.”

“आणि आता तू उतरलास.”

“हो.”

उस्ताद गाडीकडं बघत राहिले. आत नाना स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, गाडी बंद असूनही.

मी म्हणालो, उस्ताद, मग तुम्ही शिकवलेलं खोटं आहे का? खालच्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही, हे?

“खरं आहे.”

“मग?”

“कानाला कळत नाही. म्हणून माणूस डोळ्यानं ठरवतो, काय हलतंय ते बघून.”

मग मी म्हणालो, ती सीट हलायची ती चूकच होती. पट्टी टेकत होती. कंपनीत बसवणाऱ्यानं नीट बघितलं नव्हतं. अशी चूक मी मुद्दाम करू? उद्या दुसरं गिऱ्हाईक त्या सीटवर हात ठेवेल आणि विचारेल, ही खडखड कुणी बसवली? माझं नाव सांगायचं?

“सांग की,” उस्ताद म्हणाले.

“उस्ताद, माझ्या कामात खडखड नसते.”

“हां. नसते.” त्यांनी खिशातून पाना काढला, माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं मिटवली. “म्हणून म्हणतो, तुझ्याच हातानं बसव. दुसऱ्याला जमायची नाही.”

मला राग आला होता, खोटं कशाला लिहू. पण पाना हातात होता.

मी प्लायचा डबा काढला. मागच्या भंगारातून कंपनीचा जुना प्लास्टिकचा डबा शोधला. बाकाखाली मावेल असा लहान वूफर त्यात बसवला, जुन्या मापाचा. डबा बाकाखाली, डाव्या अंगाला, होता तिथंच ठेवला. सीटच्या पायाभोवतीचा फोम ओढून काढला. सीटचे बोल्ट मात्र पक्के आवळले, ते सैल ठेवून चालत नाही. मग नवी पट्टी कापली आणि ती सीटच्या पायाला टेकवायला लागलो.

ते अवघड होतं. जास्त टेकली की सीट डबा आदळल्यासारखी वाजायची. कमी टेकली की गप्प. मी पट्टी सात-आठ वेळा वाकवली. बाकाखाली डोकं, पाय दाराबाहेर. गाणं तेच, पुन्हा पुन्हा. नाना पुढं बसून होते, काही सांगत नव्हते. मीही विचारत नव्हतो. मीटर लावून उपयोग नव्हता, कारण कशाशी जुळवायचं तेच मीटरला माहीत नव्हतं.

शेवटी मी डोळे मिटले आणि न बघितलेला एक माणूस तिथं बसवला. चार शब्द न बोलणारा. पट्टी अंगठ्यानं किंचित दाबली.

वर नानांचा श्वास ऐकू आला.

मी बाहेर आलो तेव्हा डाव्या सीटची उशी हलत होती. अगदी थोडी. माहीत नसलेल्याला दिसणारही नाही.

नाना खाली उतरले. उस्तादांना हात जोडले, मग मलाही जोडले, आणि मी एवढा लाजलो की पान्याला लागलेलं तेल पुसायला लागलो. नाना म्हणाले, पहाटे लातूरला निघतो. गाडी गेली.

“उस्ताद, मी मागं तारा सोलायला बसू का?” मी विचारलं.

उस्ताद भोंग्याची जाळी पुन्हा पुसायला लागले होते.

“कशाला? हाताची चूक नव्हती.”

मग कशाची होती ते त्यांनी सांगितलं नाही...

त्या रात्री मी नीट झोपलो नाही. माझ्या खोलीत एक खाट आहे आणि एक खुर्ची. खुर्चीवर माझे कपडे असतात. मी ते उचलून खुंटीला लावले. का, ते मलाही सांगता येणार नाही.

सकाळी उस्ताद रोज रस्त्याच्या पलीकडच्या टपरीवर चहाला जातात. मला पहिल्याच वर्षी चल म्हणाले होते. तेव्हा मी, मला चहा नको, झाडलोट करतो, असं सांगितलं. लोकांसमोर बसायला मला जमत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी झाडू भिंतीला टेकवला आणि रस्ता ओलांडला.

उस्ताद बाकड्याच्या एका टोकाला बसले होते. मी दुसऱ्या टोकाला बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मध्ये दोन ग्लास होते, दोन्ही भरलेले. कुणाची तरी वाट बघताय का, असं मी विचारलं आणि उठायला लागलो.

“बस,” ते म्हणाले. “रोज दोनच सांगतो. दुसरा गार झाला की मीच पितो.”