मावशीच्या दारातली रिकामी खुंटी

फार फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर तेव्हा पूल नव्हते, आणि गावांना नावे असली तरी ती कोणी लिहून ठेवत नसे.

अशा एका गावाची घरे नदीच्या अलीकडे होती आणि शेते पलीकडे. सकाळी पोहत पलीकडे जायचे, दिवस मावळायच्या आत पोहत अलीकडे यायचे. त्या गावात चालता येणे आणि पोहता येणे यांत कोणी फारसा फरक करत नसे. मूल दुडूदुडू धावू लागले की लोक म्हणत, आता याला मावशीकडे न्यायला हवे.

मावशी म्हणजे गावाला पोहायला शिकवणारी बाई. तिचा नवरा अर्थातच गावाचा काका झाला होता. काका कुंपणावर कडू भोपळ्याचे वेल चढवी, भोपळे पिकले की सुकवी, आतला गर काढून टाकी आणि तोंडाला लाकडाचे बूच बसवून मेणाने बंद करी. असा भोपळा पाठीला बांधला की मूल बुडत नसे. भोपळे काकाचे आणि मुले मावशीची, अशी त्या घरातली वाटणी होती.

मावशीची शिकवण्याची रीत साधी होती. मूल आधी मोठ्या भोपळ्यावर तरंगे. मग त्याहून लहान भोपळा, मग त्याहून लहान. आणि मग एखाद्या सकाळी, मुलाच्या नकळत, मावशी बुचाचे मेण नखाने काढून टाकी. मूल पाण्यात उतरे. नदीच्या मध्यावर बसलेल्या म्हशीसारखा एक काळा खडक होता, त्याला हात लावून परत येई. तोवर भोपळ्यात हळूहळू पाणी शिरून तो काठोकाठ भरलेला असे. काठावर सगळ्यांसमोर मावशी तो सोडी, उलटा करी, आणि भळभळा वाहणारे पाणी दाखवून म्हणे, "हे बघ. आज यानं तुला आणलं नाही. तू याला आणलंस."

असे एक ना एक दिवस होणार हे प्रत्येक मुलाला ठाऊक असे. कधी होणार, हे मात्र एकट्या मावशीला ठाऊक असे.

तो भोपळा मग मुलाच्या घराच्या दारातल्या खुंटीला टांगत. तो असेपर्यंत त्या घरातले माणूस नदी नेत नाही, अशी गावाची समजूत होती. समजुतीचे काही असो, मावशीच्या हाताखालून गेलेल्या एकाही माणसाला नदीने नेले नव्हते.

संध्याकाळी चूल पेटण्याआधी मावशी गल्लीतून एक फेरी मारी. कोणाकडे काही काम नसे. ती नुसती दारांकडे बघत जाई. हा भोपळा त्या मुलाचा, जो डोळे उघडायलाच तयार नव्हता. आता त्याच्या मिशीला पाणी लागते. हा तिचा, जी पाण्याला शिव्या देत पोहायची. हे दोन जुळ्या भावांचे. एकाचा सुटला म्हणून दुसरा दिवसभर रडला होता. मावशी कोणाला काही बोलून दाखवत नसे, पण परत येताना तिची मान किंचित ताठ असे. ती ताठ असायलाच हवी होती. माणसाने आयुष्यभर केलेले काम असे दारोदारी टांगलेले बघायला मिळणे, हे भाग्य थोड्यांचेच.

फक्त फेरी संपवून स्वतःच्या दाराशी आली की ती खाली बघून आत जाई. कारण तिथली खुंटी रिकामी होती.

मावशीला एकच मुलगी होती. चांगली वाढलेली, आईच्या खांद्याला लागलेली. तिच्या बरोबरीच्या मुलींचे भोपळे कधीच सुटले होते. तिच्यामागून आलेल्या पोरांचेही सुटले होते. तिची पाठ मात्र मोकळी झाली नव्हती.

मावशीकडे कारणे होती. एकदा मुलीला खोकला होता. एकदा पाणी गढूळ होते. मग मावशीला वाटले की तिचा डावा खांदा जरा मागे पडतो. शिवाय मुलगी पाण्यातून नेहमी सगळ्यांच्या शेवटी बाहेर येई, आणि तीही घाटावर न येता घाटाशेजारच्या लव्हाळ्यातून. म्हणजे दमत असणार. एका परीने मावशीचेही चुकत नव्हते. पाण्याची ज्याला जास्त ओळख, त्यालाच पाण्याची जास्त धास्ती. दुसऱ्यांच्या मुलांच्या वेळी ही धास्ती ती दाबून ठेवू शके. आपल्या मुलीच्या वेळी ती तिच्या बोटांत येऊन बसे, आणि मेणापर्यंत गेलेले नख परत फिरे.

गाव गप्प बसत नसते. शेजारची म्हातारी येता-जाता विचारी, "काय गं, सगळ्या गावाला भोपळे वाटलेस. तुझ्याच खुंटीला दुष्काळ का?"

मावशी म्हणे, "माझ्या लेकीची मला घाई नाही."

काका तर उघडच चिडवी. दरवर्षी एक सुबक भोपळा तो घरच्या खुंटीसाठी बाजूला काढून ठेवी आणि वर्ष सरले की म्हणे, "जात कडू, नाहीतर निदान भाजी तरी केली असती."

मुलगी मात्र कधी काही बोलली नाही. आई भोपळा बांधी तेव्हा ती निमूट पाठ वळवून उभी राही. पोहून झाले की लहान मुलांना घेऊन उथळ पाण्यात उतरे. एखाद्या रडक्या पोराच्या हनुवटीखाली तळहात धरी, त्याला गोष्ट सांगता सांगता तो तळहात कधी काढून घेई ते पोराला समजतही नसे.

एका उन्हाळ्यात नदीच्या खालच्या अंगाकडून एक म्हातारा आला. त्याच्या गावाची कथा अवघड होती. मागच्या पुरात नदीने पात्र बदलले होते आणि ती नेमकी त्यांच्या घरांच्या आणि शेतांच्या मधून वाहू लागली होती. पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या वाटेने शेतावर जाणारी माणसे ती. त्यांना पोहणे ठाऊक नव्हते. दोघे जण आधीच वाहून गेले होते, आणि त्यांतला एक म्हाताऱ्याचा मुलगा होता. पुढचा पाऊस यायच्या आत कोणी शिकवले नाही, तर गाव उठवावे लागणार होते.

"बाई, तुम्ही चला," म्हातारा म्हणाला.

मावशीला जाता येण्यासारखे नव्हते. इथली मुले अर्ध्यावर होती. ती म्हणाली, "मी येऊ शकत नाही. पण माझ्या हाताखालचं एक माणूस देते. तुम्ही चार दिवस काठावर बसा. तुमच्या डोळ्यांसमोर निवडते."

म्हातारा बसला. मावशीने एकेकाला पारखायला घेतले. एक जण पोहायचा माशासारखा, पण शिकणाऱ्यावर खेकसायचा. दुसरी शांत होती, पण कोणी भ्यालेले पाहिले की स्वतःच भेदरायची. मावशी रोज नवे नाव घेई आणि रोज मान हलवी.

शेवटच्या दिवशी म्हाताराच म्हणाला, "बाई, निवडायला इतकं अवघड काय आहे? ती हनुवटीखाली हात धरणारी मुलगी आम्हाला द्या."

मावशीने वळून पाहिले. मग जरा कोरडेपणाने म्हणाली, "ती माझीच आहे. पण तिचा भोपळा अजून सुटलेला नाही."

"मग सोडा की," म्हातारा म्हणाला. त्याला त्या गावातले काही ठाऊक नव्हते. "सोडणारं दुसरं कोण आहे?"

त्या संध्याकाळी मावशी फेरीलाही गेली नाही. उंबऱ्यावर बसून तिने काकाला विचारले की तुम्हाला काय वाटते. काका भोपळे पुशीत बसला होता. तो म्हणाला की मी माळी माणूस, पाण्यातले मला काय कळते. एवढे बोलून तो इतक्या मन लावून पुसू लागला की मावशीला जरा संशयच आला.

दुसऱ्या सकाळी मावशीने मुलीच्या पाठीला भोपळा बांधला. आज मेण काढायचेच, असे ठरवून आली होती. नख मेणावर टेकले. आणि पुन्हा परत फिरले. तिने दोरीची गाठ उगाच एकदा ओढून पाहिली आणि मुलीला म्हणाली, "जा."

मुलगी पाण्यात शिरली. मावशी काठावर उभी राहिली, मग खाली बसली, मग पुन्हा उभी राहिली. आणि मग आजवर कधी केले नव्हते ते तिने केले. पदर खोचून ती मुलीच्या मागोमाग नदीत उतरली.

म्हशीच्या खडकाजवळ धार जोराची होती. तिथे मावशीने मुलीला गाठले आणि सवयीने, आधार द्यावा म्हणून, भोपळ्यावर हात ठेवला.

रिकामा भोपळा पाण्यात दाबला की हाताला वर ढकलतो. हा ढकलत नव्हता. हात ठेवताच तो मुकाट खाली गेला.

मावशीचा हात इतक्या भोपळ्यांवर फिरलेला होता की त्याला दुसऱ्यांदा चाचपायची गरज नव्हती. तिने मुलीकडे पाहिले. मुलगी धारेत सरळ, धाप न लागता पोहत होती. डावा खांदा उजव्याइतकाच पुढे येत होता.

दोघी खडकावर चढून बसल्या. मावशीने बूच काढले. मेण नव्हतेच. भोपळ्यातून पाणी भळभळा वाहिले.

"कधीपासून?" मावशीने विचारले.

"मागची बोरं पिकली तेव्हापासून. पाण्यात उतरले की मी मेण काढते. परत येताना लव्हाळ्यात भोपळा रिता करते आणि नवं मेण लावते."

"मेण कुठून आणतेस?"

मुलीची नजर काठाकडे गेली. काठावर काका इतका वेळ टाचा उंचावून बघत होता. दोघी आपल्याकडे बघताहेत हे दिसताच तो खाली वाकला आणि जिथे गवत नव्हते तिथले गवत उपटू लागला.

"मग मला का नाही सांगितलंस?" मावशी म्हणाली.

मुलगी म्हणाली, "आई, माझ्या पाठीवर भोपळा असला की तू निवांत काठावर बसतेस आणि बाकीच्या मुलांकडे बघतेस. नसता तर तू माझ्यामागे पाण्यात येऊन उभी राहिली असतीस. मग त्यांच्याकडे कोणी बघितलं असतं?"

मावशीला उमगले की आपण जिला अजून शिकवायचे म्हणत होतो, ती काठावरच्या पोरांचाही विचार करत होती आणि काठावरच्या आईचाही. पोहणे तर ती शिकलीच होती. जे मावशीने कधी मुद्दाम शिकवले नव्हते, तेही ती शिकली होती.

"पुन्हा भर तो," मावशी म्हणाली.

मुलीने भोपळा भरून घेतला. दोघी शेजारी शेजारी पोहत परत निघाल्या, आणि या खेपेला मुलगी लव्हाळ्यात न जाता सरळ घाटावर आली. सगळी मुले जमली होती. म्हातारा उठून उभा राहिला होता. मावशीने गाठ सोडली आणि भोपळा उलटा केला.

नेहमीचे वाक्य म्हणायला तिने तोंड उघडले, पण ते वाक्य तिथे बसत नव्हते. मग ती म्हणाली, "हा भोपळा हिला तारत नव्हता. इतके दिवस हा मला तारत होता."

आणि म्हाताऱ्याकडे वळून तिने मान वर करून सांगितले, "घेऊन जा. हिच्याहून चांगलं माणूस माझ्याकडे नाही. आणि ही माझी मुलगी आहे."

शेजारच्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला, पण तोंड तिच्या ताब्यात नव्हते. "चला," ती म्हणाली, "दुष्काळ फिटला."

मुलगी खालच्या गावाला गेली. जाताना काकाने तिला भोपळ्याच्या बियांची पुरचुंडी दिली. पाऊस आला, नदी भरली, आणि ते गाव उठले नाही. पुढच्या वर्षी म्हातारा मुद्दाम सांगायला आला की त्याच्या नातवाचा भोपळा सुटला आणि तो त्यांच्या दारात टांगला आहे. मावशीने त्याला दोनदा तेच सांगायला लावले.

मावशीच्या गावात तेव्हापासून एक नवा नियम झाला. शिकवणारा कितीही जाणता असो, त्याच्या स्वतःच्या मुलाचे मेण दुसऱ्याने काढायचे. नियम मावशीनेच घालून दिला होता, म्हणून कोणी का असे विचारले नाही.

आणि संध्याकाळची तिची फेरी चालूच राहिली. फक्त आधी ती गल्लीत शिरल्यावर वर बघू लागे. आता स्वतःच्या खुंटीला मुलीचा भोपळा टांगलेला होता, म्हणून ती उंबऱ्यातूनच वर बघत निघे.

बोध एवढाच: शिकवणाऱ्याचे शेवटचे काम म्हणजे वेळेवर हात काढून घेणे, आणि आपल्याच लेकराच्या बाबतीत ते सर्वांत अवघड असते.