हळदीला ऊब मिळेना

एक होतं पिल्लू. कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं, म्हणून नाव हळदी.

हळदीचं घर म्हणजे एक खोकं. खोक्यात मऊ भुसा. वर एक छोटा बल्ब. बल्ब लागला की ऊबच ऊब. हळदी तिथे झोपायची.

खोकं होतं हौसाआत्याच्या अंगणात. आत्याची आज सकाळपासून खटपट चालली होती. जुन्या सायकलचं चाक तिने खांबावर बसवलं. चाकावर सोलरची प्लेट बांधली. चाकाच्या एका बाजूला डबा टांगला. डब्याच्या वर, बुडाला बारीक भोक असलेला माठ टांगला. कशाला? तर सूर्य जिकडे जाईल, तिकडे प्लेट आपोआप वळावी म्हणून. आत्याला गप्प बसवतच नाही!

दुपार कलली. गार वारा सुटला. भुर्र! हळदीला झोप आली. तिने डोळे मिटले. आणि...

टक्!

बल्ब गेला. ऊब गेली.

"चिव चिव! मला थंडी वाजते!"

उन्हात जाऊन झोपावं, तर उन्हात बोका पसरलेला. नको रे बाबा!

हळदीने मान वर केली.

"बल्बदादा, बल्बदादा, लाग ना! मला ऊब मिळेना."

बल्ब म्हणाला, "मी दमलो, बाई. बॅटरी भरेल, तेव्हा मी लागेन."

हळदी निघाली. तुरु तुरु तुरु तुरु. बॅटरीकडे गेली.

"बॅटरीताई, बॅटरीताई, भर ना!
बल्ब लागेना,
मला ऊब मिळेना."

बॅटरी म्हणाली, "मी दमले, बाई. पोटात वीज नाही. प्लेट वळेल, तेव्हा मी भरेन."

हळदी निघाली. तुरु तुरु तुरु तुरु. प्लेटकडे गेली.

"प्लेटमावशी, प्लेटमावशी, वळ ना!
बॅटरी भरेना,
बल्ब लागेना,
मला ऊब मिळेना."

प्लेट म्हणाली, "मी दमले, बाई. सूर्य गेला तिकडे, माझं तोंड इकडे. चाक फिरेल, तेव्हा मी वळेन."

हळदी निघाली. तुरु तुरु तुरु. चाकाकडे गेली.

"चाकमामा, चाकमामा, फिर ना!
प्लेट वळेना,
बॅटरी भरेना,
बल्ब लागेना,
मला ऊब मिळेना."

चाक म्हणालं, "मी दमलो, बाई. म्हातारा झालो. मला एवढंस्सं ओढलं तरी पुरे, पण ओढणार कोण? डबा झुकेल, तेव्हा मी फिरेन."

हळदी निघाली. तुरु तुरु... तुरु. डब्याकडे गेली.

"डबाकाका, डबाकाका, झुका ना!
चाक फिरेना,
प्लेट वळेना,
बॅटरी भरेना,
बल्ब लागेना,
मला ऊब मिळेना."

डबा म्हणाला, "मी दमलो, बाई. लोंबकळून लोंबकळून कंटाळलो. रिकामा डबा काय झुकणार? माठ टपकेल, तेव्हा मी झुकेन."

हळदीने वर पाहिलं. माठ होता उंच. मान दुखली बिचारीची.

"माठआजोबा, माठआजोबा, टपका ना!
डबा झुकेना,
चाक फिरेना,
प्लेट वळेना,
बॅटरी भरेना,
बल्ब लागेना,
मला ऊब मिळेना."

माठ म्हणाला, "मी दमलो, बाई. आत पाण्याचा थेंब नाही. घसा कोरडा पडला. आत्या उठेल, तेव्हा मी टपकेन."

हळदी निघाली. तुरु... तुरु... पाय दुखले. आत्याच्या बाजेकडे गेली. आत्या तोंडावर पदर घेऊन आडवी झाली होती.

"आत्या, आत्या, ऊठ ना!
माठ टपकेना,
डबा झुकेना,
चाक फिरेना,
प्लेट वळेना,
बॅटरी भरेना,
बल्ब लागेना,
मला ऊब मिळेना."

आत्या पदराआडूनच म्हणाली, "मी दमले, बाय. सकाळधरनं खांब रोवला, चाक बसवलं, तारा पिळल्या. पाय गळून गेलं बघ माझं. माठात पाणी घालायचं ऱ्हायलंय, ठाव हाय मला. पर किटली उकळंल, च्या हुईल, तवा मी उठीन."

आणि आत्याने कूस बदलली. घोर्र...

(तुम्हालाही दम लागला का वाचून? लागणारच. थोडंच राहिलंय. घ्या एक श्वास.)

हळदी निघाली. तु...रु... तु...रु... किटलीकडे गेली. किटली विजेची होती. गार पडली होती.

"किटलीवहिनी, किटलीवहिनी, उकळ ना!
आत्या उठेना,
माठ टपकेना,
डबा झुकेना,
चाक फिरेना,
प्लेट वळेना,
बॅटरी भरेना,
बल्ब लागेना,
मला ऊब मिळेना."

किटली म्हणाली, "मी दमले, बाई. बॅटरी भरेल, तेव्हा मी उकळेन."

बॅटरी?

हळदी पुन्हा बॅटरीकडे गेली. तु... रु...

बॅटरी म्हणाली, "सांगितलं ना मघाशी? प्लेट वळेल, तेव्हा मी भरेन."

हळदी मटकन खाली बसली.

म्हणजे पुन्हा प्लेट? पुन्हा चाक? पुन्हा डबा? पुन्हा माठ? पुन्हा आत्या? पुन्हा किटली? आणि पुन्हा बॅटरी?

"नाही जायचं मला!" हळदी म्हणाली. "कुण्णाकडे नाही जायचं!" आणि ती रडली. चिव... चिव... खूप रडली. एवढीशी ती, आणि एवढं मोठं अंगण.

वारा आला. भुर्र! हळदी काकडली. कुठे बरं शिरावं?

तिथेच तर लोंबत होता तो डबा. जमिनीपासून वीतभरच वर. आत वारा नव्हता. आत बोका नव्हता.

हळदीने उरलंसुरलं बळ गोळा केलं. टुणुक!

बसली डब्यात. पंखात चोच खुपसली. डोळे मिटले. झोपली.

आणि मग...

कुई... कुई...

हे काय? डबा झुकला!
डबा झुकला, चाक फिरलं.
चाक फिरलं, प्लेट वळली. वळली ती थेट सूर्याकडे!
प्लेट वळली, बॅटरी भरली.
बॅटरी भरली, बल्ब लागला. पण खोक्यात होतं कोण? कुणीच नाही. हळदी डब्यात झोपलेली.
बॅटरी भरली, किटली उकळली. खदखद खदखद.
किटली उकळली, चहा झाला.
चहा झाला, आत्या उठली!

उठली, भुर्रक भुर्रक चहा प्याली आणि बघतच राहिली.

"अगं बया! प्लेट वळली कशी? माठ तर कोरडा!"

आत्याने खोक्यात पाहिलं. बल्ब लागलेला, पिल्लू नाही. बाजेखाली बघितलं. बोक्याजवळ बघितलं. बोका झोपलेला. मग डब्यात बघितलं.

"माझी बाय ती! तू ओढलीस व्हय एवढी मोठी प्लेट? आन् मी आपली च्यासाठी पसरले!"

आत्या हळदीला उचलायला गेली. थांबली. पिल्लू उचललं, तर डबा हलका होणार. डबा हलका झाला, तर प्लेट मागे फिरणार. मग बल्ब पुन्हा जाणार. टक्!

आत्याने काय केलं माहीत आहे? चहाचा रिकामा कप आधी डब्यात ठेवला. मग हळूच, अगदी हळूच, हळदीला उचललं. डबा झुकलेलाच राहिला. शहाणा डबा!

आत्याने हळदीला खोक्यात ठेवलं. मऊ भुशात, पिवळ्या बल्बखाली. मग घागर आणली आणि माठात पाणी ओतलं. दमलेली होती, तरी ओतलं.

टप. टप. टप.

माठ टपकला,
डबा झुकला,
चाक फिरलं,
प्लेट वळली,
बॅटरी भरली,
बल्ब लागला,
हळदीला ऊब मिळाली.

हळदीने एक डोळा उघडला. "चिव?"

"नीज, बाय," आत्या म्हणाली. "आता तुला कुणाकडं जायला नगं."

हळदीने डोळा मिटला.

पुस्तक हळूच मिटा हं. हळदीला आत्ताच डोळा लागलाय.